एक लाख पंधरा हजार दोनशे

मोडेम किंचाळून झाला, घसा खाकरून झाला,
मग काळ्या पडद्यावर तीच ओळ:
कनेक्ट, एक लाख पंधरा हजार दोनशे.
रोज हाच आकडा. झडीत हाच, उन्हात हाच,
खानापूरची वीज तीनदा जाऊन आली तरी हाच.

"एवढं जोरात येतंय म्हणतोस,
मग पोरीचं कपाळच का दिसतंय अजून?"
आईनं विचारलं. मस्कतहून वैजूनं
लेकीचा फोटो धाडलेला.
वीस मिनिटांत कपाळ, काजळाची तीट,
एक भुवई. दुसरी वाटेत होती.

रात्री लॉग उलटा वाचत गेलो, पुस्तिका मांडीवर.
हा आकडा तारेचा नव्हेच.
हा आमच्या टेबलावरचा:
कॉम्प्युटरपासून मोडेमपर्यंत वीतभर केबल,
तेवढ्यातली धाव.
पुढं भिंतीतून, कौलांच्या भट्टीवरून,
मलप्रभेचा पूल ओलांडून
काय चाललंय, ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं.
विचारावं लागतं.
मोडेमला द्यायच्या पहिल्या ओळीत
एक अक्षर, एक आकडा वाढवला: डब्ल्यू दोन.
एंटर.

कनेक्ट, सव्वीस हजार चारशे.

जरा वाईट वाटलं. का कोण जाणे, बरंही.
वैजू फोनवर "मजेत आहे" म्हणते.
मी "बरं" म्हणतो
आणि मीटर पळतंय म्हणून ठेवतो.

सकाळी इराप्पा आला, बैलहोंगलकडचा लाइनमन.
रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटले.
"लाइन सरी इल्ल री. नोडोण,"
म्हणत फणसाजवळच्या खांबावर चढला.
इकडं मला धीर कुठला!
फोटो पुन्हा लावला:
कपाळ, तीट, दोन्ही भुवया,
डोळे वैजूचेच,
नाकाचा शेंडा येतोय येतोय
तोच इराप्पानं वरून आपला टेस्टिंगचा फोन जोडला:
"हॅलो? हॅलो, एक्स्चेंज?"
सगळं गेलं.

खाली उतरला, मूठ उघडली.
तांब्याचा पेरभर तुकडा, मोरचुदासारखा हिरवा.
"इष्टे नोड्री. आता बगा सर."

एकतीस हजार दोनशे.

इराप्पा चहाला थांबला.
आईनं फोनवर टॉवेल टाकला,
कुणी उचलू नये म्हणून.
कपाळ. तीट. भुवया. डोळे. नाक.
बशीतला चहा फुंकायचा विसरून
इराप्पानं विचारलं, "नगतीय काय, अळतीय?"
हसते की रडते, एवढं कानडी आईला येतं.

"थांब रे," ती म्हणाली,
"ओठ यायचेत अजून."