सोयरीक

मिऱ्याच्या भरतीचं पाणी, दोन कॅन,
गाळून, महिनाभर अंधारात मुरलेलं.
आता ठरवायचं, कोण कुणाशेजारी.

डॅमसेल नको: बोटाच्या पेराएवढी,
पण पहिल्या दिवशीच दगडाची मालकीण.
लायनफिश देखणा, सावकाश;
फक्त सकाळी मोजताना एक कमी भरतो.
क्लाऊनची जोडी घ्यावी. आणि वाळू उपसत बसणारा गोबी,
त्याचं कुणाशीच काही नसतं.

टोपली उतरवून मैमूनबी काचेला नाक लावते.
"एवढी पत्रिका जुळवतोस? हे बघ,
मुशीच्या कुशीत बांगडा,
कधी तक्रार नाही."

बर्फातून एक डोळा माझ्याकडे.
मी बांगड्यांचा वाटा घेतो,
पैसे देतो,
आणि हात धुऊन
अजून कुणीच नसलेल्या पाण्यात
पंप चालू आहे का, पाहतो.