मेणाची पाटी

सकाळीच आली ती विधवा, केसेन्निया,
तिबुरच्या उतारावरून, खेचरावर बसून.
कडेवर लेकरू धरावं तसं
तेलाचं छोटं मडकं धरलेलं. पुरावा म्हणून.

ऑलिव्ह तिचे. घाणा शेजारच्या नुमिसियसचा.
अंधारात आपलेच समजून
त्यानं तिच्या पाट्या उचलल्या,
रात्रभर गाढव फिरवलं.
आता तेल कोणाचं?

माझे मालक, वेट्टिडियस,
सुजलेला पाय उशीवर ठेवून बसतात,
अंजीर चघळत विचार करतात,
देठ माझ्या तळहातावर ठेवतात.
म्हणाले, "बाई, द्रव्य मेलेलं नाही.
लेकीनं लुगडं बदललं म्हणून
ती दुसऱ्याची होत नाही.
ऑलिव्ह ज्याचे, तेल त्याचं."
मी लिहून घेतलं.

नदीपलीकडे दुसरी शाळा.
तिथले गुरू ऑफिलेनस
आमचे मालक जातात त्या स्नानगृहात
पाऊल टाकत नाहीत.
त्यांच्याकडे हाच प्रश्न नेला तर म्हणतील,
"जे कालपर्यंत जगात नव्हतं
त्याला कालचा मालक कुठून येणार?
पिळेल त्याचं तेल."

प्रत्येक गोष्टीत असंच.
मुलगा वयात कधी आला?
आमचे म्हणतात, अंग पाहा.
ते म्हणतात, चौदा मोजा.
मुलगा दाराशी उभा असतो,
कमरेचं वस्त्र घट्ट धरून.

दुपारी रुस्टिकेलियस बोलला,
शेवटच्या बाकावरचा, मिसरूड न फुटलेला:
"वस्तूला मागे जाता येतं का, ते पाहू या.
काशाचा पेला वितळवा, पुन्हा कासं.
म्हणजे पेला काशाच्या मालकाचा.
पण या तेलाचे कोणी
ऑलिव्ह करून दाखवा."

कोणी हसलं नाही.
मालकांनी अख्खं अंजीर गिळलं.
केसेन्नियानं विचारलं,
"मग मडकं परत नेऊ, की ठेवू?"
यावर शाळेचं मत नव्हतं.
मडकं स्वयंपाकघरात गेलं.

आता रात्र. सगळे निजलेत.
इथे मला पाम्फिलस म्हणतात.
डोंगरात, पिसिडियात, मी ट्रोकोंडास होतो,
सिदेच्या बाजारात सातव्या वर्षी
दात मोजून विकलेला.
लॅटिन मला छडीनं आली,
वळणदार अक्षर उपासानं.

द्रव्य धरलं तर मी आईचा.
रूप धरलं तर छडीवाल्याचा,
की ज्यानं त्याला पैसे मोजले त्याचा?
उरला रुस्टिकेलियसचा प्रश्न.
डोळे मिटून मागे जाऊन पाहिलं.
बकरीला आमच्याकडे काय म्हणायचे?
तोंडात आला तो लॅटिन शब्द.
संध्याकाळी बकऱ्यांना घालायची
हाक तेवढी राहिलीय,
आणि तिला काही अर्थ नाही.
हळूच घालून पाहिली.
अंगणात कुत्र्यानं कान टवकारले.

दुसऱ्याच्या चर्मपत्रावर लिहिलेलं,
सोन्याच्या शाईनं का असेना,
चर्मपत्राच्या मालकाचं.
इथे मात्र दोन्ही शाळा एका ताटात जेवतात.
दुसऱ्याच्या फळीवर चित्र काढलं तर
फळी चित्रकाराची, असंही मी ऐकलंय.
असं का, ते लिहून घ्यायला
कोणी सांगितलं नाही.

म्हणून हे मेणावर.
लेखणीचं एक टोक अणकुचीदार,
दुसरं चपटं.
मेणाला मागे जाता येतं.

शेवटची ओळ झाली की
वरून खाली चपटं टोक फिरवीन.
पहाटे मालक पाटी उजेडात धरतील,
म्हणतील, "गुळगुळीत आहे. घे, लिही."

तोवर दिवा जळतोय.
तेल त्या मडक्यातलं.
केसेन्नियाचं. किंवा नुमिसियसचं.
वात माझ्या फाटक्या अंगरख्याची.