डोळे मिटण्याइतका वेळ

डेपोच्या कँटीनमध्ये डबा उघडून
मी डोळे मिटले,
उघडले तेव्हा समोर
पॅरासिटामॉलची पट्टी, दोन गोळ्या उरलेली.
"डोकं दुखतंय ना?" कॅलम म्हणाला.
पंचविशीतला पोरगा, मनगटावर गोंदलेला ससाणा,
टेकडीवरचा रूट चालवतो.
मी म्हणालो, नाही रे,
आणि पुढचं वाक्य घशातच राहिलं.
हॅलिफॅक्समध्ये तेवीस वर्षं झाली,
तरी "प्रार्थना करत होतो" हे इंग्रजीत
दुखण्याची कबुली दिल्यासारखंच निघतं.
थँक्स म्हटलं. गोळ्या खिशात ठेवल्या.

जालन्याला उलटं होतं.
आमची ओळख आमच्याआधी पोचायची,
"ओहोळ? म्हणजे मिशन कंपाउंडातले?"
कुणी पाणी वेगळ्या पेल्यात द्यायचं,
कुणी नाताळच्या केकची चौकशी करायचं.
इथं कुणी काही विचारत नाही.
न विचारणं हा इथला सभ्यपणा,
आणि खरंच आहे तो.
पण कधी वाटतं, एखादी शिवी तरी दे बाबा.

आमचं चर्च विकलं.
अकरा जण उरलो होतो
आणि नुसत्या छताचं बिल नव्वद हजार पौंड.
आता तिथं भिंती चढायचा क्लब आहे,
वेदीमागच्या दगडाला प्लॅस्टिकच्या रंगीत खुंट्या.
माझी मुलगी दर बुधवारी तिथंच जाते.
नाव सुवार्ता. शाळेत "सू" झाली,
वार्ता कुठे गळली कुणी पाहिलं नाही.
म्हणते, "पप्पा, अगदी वर गेलं ना
की काचेतला तो मेंढपाळ नाकासमोर येतो.
त्याच्या एका मेंढीला पाच पाय आहेत.
तुम्हाला माहीत होतं?"
अठरा वर्षं मी त्या खिडकीखाली बसलो.
नव्हतं माहीत.

आम्ही नऊ (दोघं हिवाळ्यात गेले)
ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत जमतो.
आमच्या आधी योगवर्ग. चटया आम्हीच गुंडाळतो.
ग्लेनिसबाई, सत्त्याऐंशीच्या, खुर्च्या मांडता मांडता म्हणतात,
बरंय, त्यांच्यामुळे खोली ऊबदार तरी मिळते.
उदबत्तीचा वास असतो अजून.
आजोबांनी घरदार सोडून
ज्या वासाकडे पाठ फिरवली,
तो इतक्या लांब येऊन माझ्या कोटाला लागतो
आणि मी स्तोत्राचं पान शोधत असतो.

फेब्रुवारीत कॅलमने पार्किंगमध्ये गाठलं.
"ते तुझं... जेवणाआधीचं.
आईसाठी करशील? माझा विश्वास नाहीये हां.
तिचाही नाही."
डिझेलच्या वासात, पडत्या चिखलबर्फात
मी इंग्रजी शोधत राहिलो
आणि तोंडून मराठी आली, आईनं शिकवलेली,
"हे बापा" पासून "आमेन" पर्यंत.
त्याला शेवटचा तेवढा शब्द कळला.

बाराव्या दिवशी ती गेली.
"जमलं नाही तुला" असं कॅलम म्हणाला नाही.
मी म्हणालो, शेवटच्या रिकाम्या बसमध्ये,
वरच्याला, वायपरच्या तालावर, बऱ्याच वेळा.

दहनगृहात पाद्री नव्हता, स्तोत्र नव्हतं.
पेटीवर तिच्या संघाचा निळा-पांढरा स्कार्फ,
बिंगोच्या मैत्रिणीनं सांगितलेला चावट किस्सा,
सगळे हसले, मीही हसलो, मग रडलो.
वाटलं होतं इथं काहीतरी कमी पडेल.
काय कमी पडलं ते अजून शोधतोय.

काल दुपारी डबा उघडला. भेंडी, दोन पोळ्या.
डोळे मिटले.
उघडले तेव्हा कॅलमचं कोळंबीचं सँडविच
अर्धं कागदात, अर्धं हातात,
आणि तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत थांबलेला.
"झालं?"
झालं, म्हटलं.
"आज जरा लांबली," म्हणाला,
आणि त्याने घास घेतला.