मागचा दाब

छोट्या ग्वालटोलीत, टायरवाल्यांच्या मागच्या बोळात
माझं शटर नऊला अर्धंच उघडतं.
त्याखालून वाकून निनाद कानूनगो आला,
स्नेहलतागंजचा, झोप न झालेला.
ताई, गाडी खोकते.
खोकते की ठोकते? मी विचारलं.
त्याला फरक माहीत नव्हता.

बायपासवर नेली. तिसऱ्या गिअरला पाय दाबला,
टर्बोने बारीक शीळ घातली,
आणि तीन हजारांच्या पुढे
पत्र्याच्या डब्यात कुणी हरभरे हलवावेत
तसा आवाज, कोरडा.
असला आवाज ऐकला की माझ्या दाढा शिवशिवतात.
मी महागातलंच पेट्रोल घालतो हं, तो म्हणाला,
जसा काही मी आळ घेतला होता.

प्लग काढले. पांढऱ्या चिनी मातीवर
मिऱ्याची पूड सांडल्यासारखे ठिपके.
पिस्टन आहे हा तुझा, म्हटलं,
कणाकणाने उडतोय.
त्याने बोट लावलं, बोटाकडे पाहिलं,
पँटला पुसलं.

शाकिरने सेन्सर काढून त्या भोकात दाबाचा काटा बसवला.
दोनाच्या आत राहायला हवा तो
आठावर जाऊन थरथरत उभा.
पीछे से गला दबा है, भिया.

भजी तळलीयस कधी? मी निनादला विचारलं.
पहिला घाणा काढलाच नाहीस,
अर्धा तसाच करपतोय कढईत,
त्यातच दुसरा सोडलास, तर?
तुझ्या इंजिनात तेच चाललंय.
जळलेल्या वायूला बाहेर वाट नाही,
तो सिलिंडरमध्येच मागे राहतो, मघाचा, तापलेला.
ताजी हवा येते ती त्याच्याच अंगाला चिकटून बसते,
आणि टर्बो वरून आणखी कोंबतोच आहे.
मग ठिणगी पडते, ज्योत निघते,
पण ती पोचायच्या आत
कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकतं.
तो ठोका.
काँप्युटर घाबरतो, ठिणगी उशिरा टाकतो,
उशिरामुळे धूर आणखी गरम,
गरम धुराने पुढची जाळी वितळते,
वाट आणखी अरुंद. कळलं?
तो हो म्हणाला. कळलं नव्हतं.

गाडी लिफ्टवर घेतली.
सायलेन्सरच्या शेपटात गोल पत्रा, कच्चं वेल्डिंग,
मधे रुपयाएवढं भोक.
हे कोणत्या गाढवाने केलं?

शाकिर पाना पुसत राहिला, पुसलेलाच.

मीच, निनाद म्हणाला.
बाबांची बायपास झाली दिवाळीत.
माझी शिफ्ट पीथमपूरला, घरी पोचतो दोनला,
गाडी आत घेतली की ते दचकून उठायचे.
आता झोपतात.

मी कटर उचलला होता, तो खाली ठेवला.

मग कागदावर हिशेब मांडला:
आरपार नळी, जाळीदार, भोवती काचेची लोकर,
आवाज खाते, वाट अडवत नाही.
अकरा हजार. गुरुवारी मिळेल.
तोवर टर्बोचा दाब उतरवून देते, चढाला दमेल.
पत्रा मात्र आजच काढणार.
मग रात्री?
कोपऱ्यावर बंद कर, ढकलत ने.
आमच्या फाटकाला चढ आहे, ताई.
मग माझ्याकडे काय बघतोस, शेजाऱ्याला उठव.

गुरुवारी तो आला तेव्हा शेजारच्या सीटवर म्हातारे कानूनगो,
शर्टाच्या वरच्या बटणाखाली शिवणीची गुलाबी रेघ.
निनाद एटीएमला गेला तसे ते उतरले,
नव्या नळीकडे वाकून पाहायला लागले.
म्हणाले, अगदी गप्प करू नका.
गेले तीन महिने हा आलेला कळतच नाही.
पडून असतो घड्याळाकडे बघत,
खिडकीशी जातो, परत येतो.
थोडा ठेवता येईल?

किती ठेवू? मी विचारलं.

त्यांनी छातीवर हात धरला
आणि हलकेच खाकरून दाखवलं.
एवढा.