गोलातला आर

लक्ष्मीपुरीत, बारदानवाल्याच्या वर माझं दुकान :
एक कॉम्प्युटर, एक कटर
आणि एक ट्यूबलाइट, जी विचार करून पेटते.
शेवंताक्का चौगुले वडणग्याहून आल्या
पावशेर चटणी घेऊन, नमुना म्हणून.
झाकण उघडलं तर खालचा हमाल शिंकला.

"नाव घाल, जाळधूर.
आनि कोपऱ्यात त्यो गोलातला आर काढ.
शेजारणीच्या पाकिटावर हाय."

म्हटलं, आक्का, नोंदणी झालीया?
"कसली? गॅसची?"

तो आर म्हणजे टिकली न्हवं, आक्का,
आरशासमोर उभं राहिलं की लावली.
अर्ज करायचा, मग नाव छापून येतं,
मग चार महिने बघत बसायचं
कोण भांडायला येतंय का.
कुणी आलं नाही, तर कागद येतो.
कागदाआधी आर लावला तर गुन्हा.
कळंबा जेल तुमच्या वाटेवर नाही,
पण विचारत गेलं की सापडतं.

तोवर टीएम घालू. नावाच्या उजव्या खांद्यावर, बारीक.
"त्येनं काय हुतंय?"
एस्टीच्या खिडकीतनं रुमाल टाकता ना, तसं.
रुमालानं सीट आपली होत नाही,
पण बसणारा विचारतो तरी, कुणाचा हाय?
आर म्हणजे रिझर्व्हेशन.
हातात तिकीट, तिकिटावर नंबर.

आक्का हसल्या. रुमाल त्यांनी जन्मभर टाकलेत.

"आनि त्यो सी?"
सी काढलेल्याचा, लिहिलेल्याचा.
पाकिटावर हे उखळ-मुसळ कुणी काढलं?
"नातीनं. चौथीत हाय."
मग सी तिचा.
"तिनं कुटं अर्ज केलाय?"
करावा लागत नाही. रेघ ओढली की लागला.
खाली फक्त सांगायचं : गोलात सी, साल, नाव.
नाही सांगितलं तरी असतो.
"आनि चवीला?"
चवीला नाही.
"चवीला न्हाई?"
नाही, आक्का.
"मग काय उपेग," म्हणाल्या,
आणि चहाची बशी वाजेल अशी ठेवली.

(असाच एकजण आला होता मागं,
'कोल्हापुरी' या शब्दालाच टीएम मारून द्या म्हणत.
ज्या गावांनी कातडं कमावलं, वेणी घातली, पायताण शिवलं
त्या सगळ्यांचा शब्द.
त्याला चहा पाजला आणि जिना दाखवला.)

बोटं आता न बघता मारतात :
०१५३ टीएम, ०१७४ आर,
०१६९ ला मात्र थोडी थांबतात.

अब्बा पेंटर होते. दस्तगीर मुजावर.
कोल्हापूरमधल्या ह ची शेपटी
ते खाली सोडायचे पट्ट्यासारखी, वळवून, पिळून,
टोकाला गोंडा.
रात्री जेवून झालं की वहीत काढत बसायचे,
गिऱ्हाईक नाही, पैसे नाहीत, नुसती अक्षरं.
पुढं कुणीतरी वही बघायला नेली,
आणि तीच शेपटी फ्लेक्सवर दिसायला लागली,
धाब्यांवर, रिक्षांच्या पाठीवर, एका दवाखान्यावर.
मी भांडायला निघालो तर म्हणाले,
"बस खाली. शेपटी चांगली काढलीय का बघ आधी."
चांगली नव्हती.

दुपारी ती वही स्कॅनरवर पालथी घातली.
खाली टाइप केलं : ०१६९, १९८३, दस्तगीर मुजावर.
न लिहिता सुद्धा ती त्यांचीच होती, मला ठाऊक आहे.
माणूस गेल्यावर साठ वर्षं राहतं म्हणे.
अकरा झाली.
एकोणपन्नास मी काही बघणार नाही.

संध्याकाळी फोन. आक्का.
"पाकीट बघितलं. ब्येस झालंय.
पर ते टीयम एवढं बारीक का काढलंस?
पैसं तर पुरतं घेटलंस की."