साडेतीन तारे

रात्री अडीचला परीक्षण संपलं.
लिहिलं : शहर अख्खं मोकळं, कुठूनही कुठेही घुसा,
वळणावर गाडी लोण्यासारखी फिरते,
पोलीस जरा बावळट.
गोष्ट? नसल्यातच जमा.

संपादक म्हणालेले, चार देऊन टाक,
सगळ्यांनी दिलेत.

तेवढ्यात शिवडीच्या बंदर रस्त्यावर
पोरांच्या बाइक सुटल्या. शनिवार ना.
खाली तांडेलकाकूंनी खिडकी लावून घेतली,
पहिलीच ऐकून.
प्रणितचं हेल्मेट अजून
त्यांच्या मीटरच्या खोक्यावर आहे,
दिवाळीला पुसतात.

मी फाइल परत उघडली.
उणी बाजू, शेवटची ओळ :
भिंतीवर आदळलं की तीन सेकंदांत
गाडी नवीकोरी, पोरगा सीटवर,
रस्ता धुतल्यासारखा.

अर्धा तारा कापला.
कारण दिलं नाही,
जागेअभावी.