उजवा बूट

सतारमेकर गल्लीत जवारी काढणारा मी,
काचेआडचे बाराशेचे बूट बघून आलो
आणि अल्फियाच्या कापडी बुटांचा सोल चिरला.
सात एलईडी, घड्याळाचे सेल,
टाचेखाली बटण:
वजन पडलं की उजेड.

डावा पेटला. उजवा मुका.
उसवला, पुन्हा डाग दिला,
मीटर लावलं. तार बोलत होती.
हातानं दाबला की लखलख,
तिच्या पायात गेला की अंधार.

"चाल बघू उंबऱ्यापर्यंत."
चालली.
हसत, एका चवड्यावर.

मोजा काढला.
टाचेला रुपयाएवढा फोड, फुटलेला.
"सांगायचं नाही व्हय?"
"रात्रभर बसलावता की, अब्बा."

मिरजेत म्हणे माझ्या कानाला
केसभर उतरलेला सूर कळतो.

जवारीची कानस घेतली.
बटणाशेजारचा गोंदाचा खडा
घासत बसलो.